झेलिया फ्रुजेची अकरा पानी कबुली

आमच्या बेल-आन्सच्या पोलीस ठाण्यात भरती व्हायचं तर तीन अडथळे पार करावे लागतात: धावण्याची चाचणी, माझी चौकशी आणि शेवटी पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडणारं यंत्र. धावण्यात बरेच गळतात, माझ्या चौकशीत त्याहून जास्त. मी सार्जंट मार्सलीन दुगा. उमेदवाराच्या वस्तीत घरोघर फिरून त्याची कुंडली काढणं हे माझं काम, आणि त्यात मी चांगली मुरलेली आहे. कुणाच्या परसात किती कुत्री आहेत आणि त्यातली किती चावतात, तेसुद्धा मला तोंडपाठ आहे.

झेलिया फ्रुजेसाठी मी एक्केचाळीस घरं पालथी घातली. तेवीस वर्षांची पोरगी, दोन वर्षं आमच्याच ठाण्यात फोनवर बसलेली. बायूकाठची, म्हणजे आमच्या संथ खाडीच्या काठची, म्हातारी माणसं घाबरली की इंग्रजी विसरतात आणि जुन्या फ्रेंचमध्ये बोलू लागतात, तेव्हा फोन तिच्याकडेच द्यावा लागे. एकदा एका आजोबांच्या छातीत कळ आली, तर रुग्णवाहिका पोचेपर्यंत वीस मिनिटं तिने त्यांना भेंडीची लागवड कशी करायची ते विचारत जागं ठेवलं. एक्केचाळीस घरांत तिच्याविरुद्ध एकच तक्रार मिळाली, ती म्हणजे चर्चमध्ये फार बेसूर गाते. मी अहवालात लिहिलं, 'ताबडतोब घ्या.'

राहिला पॉलिग्राफ. त्यासाठी बॅटन रूजहून टॉलमन नावाचे गृहस्थ येतात. माणूस सज्जन, नेहमी इस्त्रीचा शर्ट, आणि यंत्राची पेटी अशी उचलणार जणू आत अंडी आहेत. झेलियाच्या छातीला दोन पट्टे बांधले, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, बोटांना चिमटे लावले. मी शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत बसले.

यंत्र सुरू करायच्या आधी टॉलमन उमेदवाराशी निवांत बोलतात आणि सगळे प्रश्न आधीच सांगून ठेवतात. त्यातला एक ठरलेला. "तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाशी तुम्ही कधी खोटं बोललात का?" या प्रश्नावर आजवर प्रत्येक पठ्ठ्याने छाती फुगवून "नाही सर" म्हटलेलं मी पाहिलंय.

झेलिया म्हणाली, "हो तर. कुठून सुरू करू? लहानपणापासून सांगू?"

"एखादं मोठं असेल तर सांगा," टॉलमन म्हणाले.

"मोठं कुठलं आणि बारकं कुठलं, ते मी कसं ठरवणार? ते तुम्हीच ठरवा." आणि पोरगी सुटली. फादरच्या झाडाची तीन संत्री चोरली होती. गणिताच्या परीक्षेला ताप आल्याचं सोंग केलं होतं. तिच्या नॅननचा, म्हणजे धर्ममातेचा, अंजिराचा मुरंबा दरवर्षी करपतो, आणि ती दरवर्षी "फार छान झालाय" म्हणत बाटली घेऊन जाते. एकदा कायद्याच्या मापात न बसणारा खेकडा परत न सोडता खाल्ला. "खाताना वाईट वाटलं का?" टॉलमननी विचारलं, उगाच. "नाही ना! तेच तर वाईट आहे!" झेलिया म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

अकरा पानं झाली. टॉलमनना मध्ये पेन बदलावं लागलं. मी इकडे तोंडात रुमाल कोंबून बसले होते. आमच्याकडे पोरं सात वर्षांची झाली की फादरपुढे गुडघे टेकून पापं मोजायला शिकतात. ही पोरगी पट्टे बांधून घेऊन तेच करत होती. तिच्या लेखी खुर्ची वेगळी होती, एवढंच.

मग खरी चाचणी सुरू झाली. "आत्ता सांगितलंत ते सोडून, विश्वास टाकणाऱ्या माणसाशी तुम्ही कधी खोटं बोललात का?" झेलिया "नाही" म्हणाली आणि पडद्यावरची रेघ दुपारच्या बायूसारखी सपाट. सगळं ओकून मोकळी झालेली, चेहऱ्यावर केवढी शांती! पुढचा प्रश्न: "तुम्ही एखादा गंभीर गुन्हा केला आहे का आणि तो लपवला आहे का?" "नाही," ती म्हणाली, पण गंभीर गुन्हा हे शब्द ऐकूनच ती हबकली असणार. रेघ उसळली. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा उसळली.

टॉलमननी कागदावर लिहिलं: खोटेपणा आढळला.

मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं, कॉफी आणि गरमागरम बुदँ, म्हणजे भात-मांस भरलेलं सॉसेज, पुढे ठेवलं आणि विचारलं, "अहो, ही पोरगी नापास होतेच कशी?"

बुदँ चांगलं होतं, म्हणून ते बोलले. "सांगू नये खरं तर. यंत्राला खोटं दिसत नाही, सार्जंट. त्याला फक्त एवढंच दिसतं की कुठल्या प्रश्नावर माणूस जास्त बिचकला. तो विश्वासाचा प्रश्न मुद्दामच ठेवलेला असतो. त्यावर सगळे थोडं खोटं बोलतात, आणि बिचकतात. चोर असेल तर तो चोरीच्या प्रश्नावर त्याहून जास्त बिचकतो. सरळ माणूस त्या बारक्या खोट्यावरच जास्त बिचकतो. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं."

"आणि ज्याने बारकं खोटं आधीच सांगून टाकलंय, तो?"

टॉलमननी कप खाली ठेवला. "असे लोक फारसे येत नाहीत," ते म्हणाले.

माझ्या हातातलं बुदँ हातातच राहिलं. झेलियाची दया आली, हे खरं. पण त्या क्षणी मला कळलं की एकोणीस वर्षांपूर्वी मी याच यंत्रातून कशी सुटले होते. ते मला आजवर कधीच समजलं नव्हतं.

चीफ लुसियन व्हेरे यांच्याकडे गेले तर त्यांनी नियमाचं पुस्तकच पुढे केलं. "नापास म्हणजे नापास. मला काय हौस आहे का, मार्सलीन? पण एकीला सोडलं तर उद्या सगळे रांग लावतील."

"चीफ, एकदा हा शिक्का बसला की तिला कुठेच घेणार नाहीत. प्रत्येक ठाण्याच्या अर्जावर पहिलाच प्रश्न असतो, पूर्वी पॉलिग्राफमध्ये नापास झालात का. आणि ती कार्टी खरं लिहिणार!"

"मग मंडळाकडे अपील करू दे. शुक्रवारी बसतंय."

नगरपालिकेच्या सभागृहाचं छत गळत होतं, म्हणून भरतीचं मंडळ त्या शुक्रवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बसलं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यामुळे हॉलच्या दुसऱ्या टोकाला चर्चच्या मदतीसाठी मासे तळणं चालू होतं. अर्धं गाव पानात कॅटफिश घेऊन सुनावणी ऐकायला खुर्च्या सरकवून बसलेलं. टॉलमनही आपली पेटी घेऊन पुढच्या रांगेत होते. कढईवर व्हर्ना सोन्ये होती, आमच्या ओव्हिदची बायको.

ओव्हिद सोन्ये म्हणजे ठाण्यातला सगळ्यात जुना शिपाई, आणि गावभर त्याचं नाव 'बूच'. त्याची गोष्ट अशी. एकोणीस वर्षांपूर्वी ठाण्याला पहिली मोटारबोट मिळाली. रविवारी मासनंतर, म्हणजे चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर, फादरनी धक्क्यावर येऊन तिला आशीर्वाद द्यायचा, असा बेत. बँड आला, महापौर आले. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं आणि बोट मागच्या बाजूने सावकाश खाली जाऊ लागली. लोक आधी टाळ्या वाजवत होते. बोट तळाला टेकली तेव्हा कळलं, बुडाचं बूच लावलेलंच नाही. आमच्याकडे बोट पाण्याबाहेर काढली की आतलं पाणी जायला बूच काढतात, आणि परत लावायला न विसरलेला माणूस या परगण्यात जन्माला यायचाय. पण ती पोलिसांची बोट होती, आणि तिला कुणीही हात लावायचा नाही असा चीफचा हुकूम होता. ठाण्यातल्या पाचही जणांना पॉलिग्राफवर बसवलं. ओव्हिद नापास झाला. तीन दिवसांचं निलंबन, आणि नाव पडलं ते कायमचं.

मंडळाच्या अध्यक्ष मिस युलाली, ऐंशीच्या पुढच्या, गावात चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेल्या. त्यांनी झेलियाला उभं केलं. "पोरी, त्या यंत्राशी तू खोटं बोललीस का?"

"मला नाही वाटत, मिस युलाली," झेलिया म्हणाली. "पण एक मिनिट द्याल का? नीट आठवून बघते."

हॉल हसला. मला मात्र हसू येईना.  पोरीने त्या दिवशी घरात होता तो एकुलता एक चांगला फ्रॉक इस्त्री करून घातला होता.

मग चीफ उठले. "मला हिच्याबद्दल काही वाईट बोलायचं नाही. पण वीस वर्षं आपण हे यंत्र वापरतोय आणि ते एकदाही चुकलेलं नाही. खात्री नसेल तर आपल्या बूचला विचारा!"

ओव्हिद मागच्या रांगेतून उठला आणि टोपी काढून सगळ्यांना वाकून नमस्कार केला. लोक खो खो हसले. तोही हसला. एकोणीस वर्षं तो असाच हसत आलाय, आणि एकोणीस वर्षं मी त्या हसण्याकडे न बघता कॉफी ओतत आलेय.

आता मात्र मला बसवेना.

"चीफ, यंत्र चुकलं होतं," मी म्हटलं. "बूच मी काढलं होतं."



मी सांगून टाकलं. त्या रविवारी सकाळी ड्युटीवर मी एकटीच होते. बोटीवर पेलिकन बसून गेले होते आणि त्यांनी तिची दशा करून ठेवली होती. आशीर्वादाच्या वेळी ठाण्याची शोभा व्हायला नको म्हणून मी ती गाडीवर ओढून घेतली, धुतली, बूच काढून पाणी घालवलं आणि मास सुटल्याची घंटा ऐकून घाईघाईत परत पाण्यात सोडली. फादर पाणी शिंपडत होते तेव्हा माझा हात सहज खिशाकडे गेला. पितळी बूच खिशात. सगळं गाव स्तोत्र म्हणत होतं, मीही म्हणत होते, आणि बोट चालली होती खाली.

"पण तू तर पास झाली होतीस!" चीफ म्हणाले.

"मी इतकी घाबरले होते की नाव विचारलं तरी सुई उडत होती. तुमचं नाव मार्सलीन का? सुई उडाली. आज रविवार का? उडाली. बोटीच्या प्रश्नावर वेगळं उडायला जागाच उरली नव्हती. टॉलमनसाहेब, असं होतं की नाही?"

टॉलमननी घसा खाकरला. "होऊ शकतं," ते हळूच म्हणाले.

चीफ मात्र डोकं हलवत हसू लागले. "मार्सलीन, तुझं मन मोठं आहे. पोरीला वाचवायला तू बूचचं पाप डोक्यावर घेतेयस. पण यंत्राने तुला खरी ठरवलंय, मी नाही!"

आता बोला! आयुष्यात एकदा खरं बोलायला उभी राहिले, तर माझ्या खोट्याला मिळालेलं खरेपणाचं प्रमाणपत्र माझ्याच आड आलं. टॉलमन पेटीकडे हात नेत म्हणाले, "हवं तर आत्ता चाचणी घेऊ."

"खबरदार," मिस युलाली म्हणाल्या. "एकदा बोट बुडाली तेवढं पुरे झालं."

"ती खरं बोलतेय," मागून आवाज आला. ओव्हिद अजून उभाच होता, टोपी हातात. "मी पाहिलं होतं तिला. गाडी मागे घेताना."

मी गर्रकन वळले. "तू पाहिलं होतंस?"

"मासला उशीर झाला होता, म्हणून धक्क्यावरून चाललो होतो. तू नळी घेऊन बोट धूत होतीस आणि गात होतीस. बोट बुडाली तेव्हा लगेच कळलं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

ओव्हिद टोपी फिरवत राहिला. त्याला चार लोकांत बोलायची सवय नाही. "तुला लागून तीन आठवडे झाले होते. ठाण्यातली पहिली बाई. सगळे टपून बसले होते, कधी चुकतेय म्हणून. तुझी नोकरी गेली असती. माझे काय, तीन दिवस गेले."

"म्हणजे तुम्ही लपवत होता!" टॉलमन एकदम ताठ झाले. "म्हणजे माझं यंत्र बरोबरच होतं!"

मिस युलालींनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "हो रे बाबा, असेल बरोबर. बोट बुडवणारी पास झाली, तिला वाचवणारा नापास झाला, आणि आता ही पोरगी नापास झाली, जिच्या पोटात एक खेकडासुद्धा लपत नाही. तुझं यंत्र तू सांभाळ. आम्हाला पोलीस हवेत."

टाळ्या सुरू झाल्या. मला त्यातलं काही धड ऐकू आलं नाही, मी रडत होते. चाळिशी कधीच ओलांडलेली सार्जंट, गणवेशात, अर्ध्या गावासमोर ढसाढसा रडत होते. एकोणीस वर्षं मला वाटत होतं की मी नशिबाने सुटले. एका माणसाने मला सुटू दिलं होतं आणि कधी चकार शब्द काढला नव्हता.

तेवढ्यात कढईकडून व्हर्ना झारा घेऊन तरातरा आली. म्हटलं, आता बसतोय टाळक्यात. नवऱ्याला एकोणीस वर्षं लोकांनी नावं ठेवली ती माझ्यापायी, आणि मी तिच्या पोरांच्या वाढदिवसांना केक खात होते.

"मार्सलीन दुगा," ती म्हणाली, "ते तीन दिवस घरी बसून काय करायचं म्हणून हा माझ्या बाबांच्या तळ्यावर क्रॉफिश पकडायचे पिंजरे उचलायला आला होता. तिथे आमची ओळख झाली. तू बूच लावलं असतंस तर मी आज त्या दात पुढे आलेल्या विमा एजंटाच्या घरात असते!" आणि तिने मला अशी मिठी मारली की माझा गणवेश मक्याच्या पिठाने पांढरा झाला. झाराही पाठीला लागला, गरम होता.

मतं पडली. चार बाजूने, एक विरुद्ध. विरुद्ध मत पडलं कोळंबीच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं. तो ख्रिसमसच्या दिव्यांच्या ठरावालाही विरोध करतो. निकाल वाचून झाल्यावर मिस युलालींनी विचारलं, "झेलिया, तुला काही बोलायचंय?"

"हो," झेलिया म्हणाली. "मला बसल्या बसल्या आणखी एक आठवलं. पाचवीत असताना मी..."

"नको!" सगळा हॉल एका सुरात ओरडला, आणि कुणीतरी तिच्या हातात माशाचं पान कोंबलं.

चीफ माझ्याजवळ आले तेव्हा त्यांच्या पानातला मासा गार झाला होता. "मार्सलीन, मी ओव्हिदला काय बोलू? इतकी वर्षं मी त्याची थट्टा केली."

"जे मी बोलणार आहे तेच," मी म्हटलं. "माफ कर म्हणायचं, आणि तो 'जाऊ दे' म्हणाला तरी पुन्हा म्हणायचं."

"आणि मला तुला शिक्षा द्यावी लागेल. खोटं विधान केलंस तू. मुदत कधीच संपली म्हण, पण मी..."

"करा ना चीफ! वाट कसली बघताय?"

त्यांनी तीन दिवस दिले. ओव्हिदला दिले होते तेवढेच, ना एक कमी, ना एक जास्त.

सोमवारी सकाळी झेलियाने शपथ घेतली. दहा वाजता माझ्या दारावर थाप पडली. उघडलं तर ती उभी, नवा कोरा गणवेश, बाह्या जरा लांबच, पट्टा शेवटच्या भोकात. हातात पाकीट.

"सार्जंट, हे तुमचं निलंबनाचं पत्र. चीफ म्हणाले पहिलं काम हेच." तिचा चेहरा पडला होता. "मी म्हटलं दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. तर म्हणाले, नाही, तूच जा."

"बरोबर म्हणाले. ये, कॉफी घे."

"नको. ड्युटीवर आहे." ती पायरीवरच ताठ उभी राहिली. "नियमाप्रमाणे मी ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मग तुम्ही सही करायची."

"मग वाच की."

तिने वाचलं. तारीख, माझं नाव, हुद्दा, तीन दिवस, सगळं स्पष्ट, फोनवर म्हाताऱ्यांशी बोलायची त्याच आवाजात. शेवटच्या ओळीवर अडली, मग तीही वाचली: "'कारण: चौकशीत खोटं सांगितलं आणि सहकाऱ्यावर आळ येऊ दिला.'" वाचून तिने मान खाली घातली. "सार्जंट, यात काही चूक असेल तर सही करायच्या आधी सांगायचं असतं."

मी कागद तिच्या हातातून घेऊन ती ओळ पुन्हा एकदा वाचली. माझ्या फाईलमध्ये एकोणीस वर्षांची प्रशस्तिपत्रं आहेत, त्यातलं एकही मला कधी इतकं आपलं वाटलं नव्हतं.

"काही चूक नाही, ऑफिसर फ्रुजे," मी म्हटलं. "पेन दे."